छातीवरचा हात

बोलण्याचं काम बसून होतं, असं लोकांना वाटतं. इंदुमतीबाईंचं ते उभ्याने होत असे. डॉक्टर उभे, नातेवाईक उभे, मग दुभाष्याने बसायचं कुठे? बोलणं संपलं की डॉक्टर पुढच्या खोलीत जात, नातेवाईक पेशंटजवळ जात, आणि बाई भिंतीला टेकून एक पाय हलका करत. मग दुसरा.

फरीदाबादच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘रशियन मॅडम’ म्हणत. मूळच्या त्या सांगलीच्या. रशियन शिकल्या पुण्यात, रशियन येणाऱ्याला नोकरी शोधावी लागत नाही असं समजलं जाई त्या काळात. शिक्षण पुरं होतंय तोवर तो देशच मोडला. लग्न झालं. नवरा सुधन्वा सरनोबत केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्लीला आल्या. कधी प्रदर्शनात दुभाषी, कधी औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं, मुलगी लहान होती तेव्हा घरीच शिकवण्या. मग ताश्कंद, बिश्केक, दुशान्बे इकडून माणसं ऑपरेशनला दिल्लीकडे यायला लागली आणि बाईंचं रशियन पुन्हा लागू लागलं. तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ आल्या होत्या. आता साठीच्या जवळ आल्या होत्या.

नाव रशियन मॅडम, पण येणाऱ्यांत रशियन माणूस क्वचित. उझबेक, ताजिक, किरगीझ, कझाख. प्रत्येकाची घरची भाषा वेगळी. रशियन त्यांनी शाळेत किंवा कामावर शिकलेली. डॉक्टर घरी पंजाबी बोलणारे, बाई मराठी, पेशंट उझबेक, आणि बोलणं चाले इंग्रजीतून रशियनमध्ये. आपली म्हणावी अशी भाषा त्या खोलीत कोणीच बोलत नसे.

घर नोएडात. मेट्रोने निघायचं, कालकाजीला गाडी बदलायची. तिथे वर चढायचं, लांबलचक चालायचं, पुन्हा उतरायचं. सरकता जिना बंद असला की बाईंची अर्धी ताकद तिथेच खर्च होई.

“सोड आता,” सुधन्वा म्हणत. ते निवृत्त होऊन घरी होते.

“घरी बसून करू काय?”

“मी करतो तेच.”

“तेच तर नको,” बाई म्हणत आणि डबा पिशवीत घालत.

कामात त्या पक्क्या होत्या. इंग्रजी क्रियापदाच्या मागे एखादा बारका शब्द लागतो, ऑफ, अप, थ्रू, आउट, आणि अर्थ पार दुसरीकडे जातो. रशियन भाषा तेच काम क्रियापदाच्या पुढे दोनतीन अक्षरं चिकटवून करते. मागची शेपटी कापायची, पुढे नवं डोकं बसवायचं, आणि हे सगळं डॉक्टर पुढचं वाक्य सुरू करायच्या आत. वाक्प्रचारांचं त्याहून जड. पुण्यात त्यांना शिकवणाऱ्या विजयालक्ष्मीबाईंचा नियम होता की वाक्प्रचार उलगडून सांगायचा नाही, त्याच्या तोडीचा दुसरा शोधायचा. उलगडून सांगितलात तर हरलात. इंदुमतीबाई तो नियम इतकी वर्षं पाळत आल्या होत्या. त्यांच्याजवळ जोड्या तयार असत. घाई करणारा इंग्रजीतला माणूस बंदुकीचा बार होण्याआधी पळत सुटला, तर रशियनमधला आगगाडीच्या इंजिनाच्या पुढे धावतो. इंग्रजीत ‘प्ले इट बाय इअर’, म्हणजे वेळ येईल तसं बघू. रशियनमध्ये म्हणायचं की लढाईच बेत दाखवील. या जोड्या गोळा करायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं आणि त्या अचूक होत्या. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

अशा जोड्यांची सगळ्यात जास्त गरज डॉक्टर मनचंदांना लागे. हृदयाचे सर्जन. इंग्लंडात बरीच वर्षं काढून परत आलेले. हात चांगला, बोलणं गोड, आणि प्रत्येक वाक्यात काहीतरी वळण. बाईंशी एरवी हिंदीत बोलत, पण नातेवाईक समोर आले की इंग्रजी सुरू.

“मॅडम, मैं एक लाइन बोलता हूँ, आप पूरा भाषण देती हैं,” ते म्हणत.

“आपकी एक लाइन में चार लाइनें होती हैं, सर.”

“तो बिल चार का बनाइए,” असं म्हणून ते हसत पुढे जात.

ओदिलजान त्या वर्षीच्या हिवाळ्यात आला. नमनगानकडचा उझबेक. रुंद खांद्यांचा, चाळिशीचा, हाताची बोटं जाड आणि टोकाला चपटी झालेली. बरोबर बायको. तिचं नाव मुहब्बत. त्यांच्याकडे हे बायकांचं नाव असतं. नर्सेसना मात्र त्या नावाची भारी गंमत वाटे. “मोहब्बत को इंजेक्शन दिया?” “मोहब्बत ने आज कुछ खाया नहीं.” “मोहब्बत का बुखार उतरता ही नहीं यार.” मजल्यावर हसू फुटे. ओदिलजानला कारण कळत नसे, पण तोही हसे आणि उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवे. बाईंना तो ओपा म्हणे. ओपा म्हणजे थोरली बहीण. वॉर्डातल्या मावश्यांना ते आपा ऐकू येई आणि तेही चाले.

मुहब्बतच्या हृदयाची झडप बदलली होती. ऑपरेशन नीट झालं. पण नंतर ताप आला आणि मुक्कामाला राहिला. गोळी दिली की उतरे, संध्याकाळी चढे. दुपारी ती उशीला टेकून बसलेली दिसे, केस विंचरलेले, गालावर थोडा रंग. नवीन माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, बरी आहे.

मंगळवारी सकाळी मनचंदांनी ओदिलजानला खोलीबाहेर बोलावलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या.

“टेल हिम शी इज नॉट आउट ऑफ द वूड्स यट,” मनचंदा म्हणाले. “द इन्फेक्शन कुड फ्लेअर अप. वी कॅनॉट रूल आउट द वर्स्ट. इट्स बीन टच अँड गो. सो लेट्स नॉट जंप द गन अबाउट गोइंग होम. वील प्ले इट बाय इअर.”

बाईंनी श्वास घेतला आणि सुरुवात केली. ‘वूड्स’ला जोडी, अजून संध्याकाळ झालेली नाही. संसर्ग डोकं वर काढू शकतो, अनिष्ट वगळता येत नाही. सगळं केसावर लटकून होतं. इंजिनाच्या पुढे धावू नका. लढाईच बेत दाखवील. रशियनमध्ये हे सगळं लयीत बसत होतं. एकही शब्द अडला नाही. शेवटी त्या थोड्या हसल्या, कारण घाबरलेल्या माणसाशी बोलताना चेहरा मऊ ठेवायचा हे त्या फार वर्षांपूर्वी शिकल्या होत्या.

ओदिलजानने उजवा हात छातीवर ठेवला. “खोप, ओपा. खोप. रहमत.” बरं, ताई, बरं. आभार.

“ही हॅज अंडरस्टुड?” मनचंदांनी विचारलं.

“येस सर.”

मनचंदा गेले. बाई भिंतीला टेकल्या.

जेवणाच्या वेळी नीरजा भेटली. परदेशी पेशंटचे कागदपत्र, व्हिसा, खोल्या हे सगळं ती बघे. आईवडील नागपूरचे, ती जन्मली वाढली दिल्लीत. बाईंना मावशी म्हणायची.

“मावशी, तुमचा तो मोहब्बतवाला परवा चाललाय ना?” डबा उघडता उघडता ती म्हणाली.

“कुठे?”

“घरी. गुरुवारचं टिकट केलंय त्याने. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

बाईंचा घास हातात राहिला. “डॉक्टरांनी सोडलं?”

“नाही ना. आपल्या रिस्कवर नेतोय. लिहून देणार आहे. संध्याकाळी सही करायला बोलावलंय मी. त्याच्या एजंटने सांगितलंय, पेशंट आपल्या पायाने चालत असली तर एअरलाइनवाले काही विचारत नाहीत.” नीरजाने बाईंकडे बघितलं. “क्या हुआ? तुम्हीच तर सकाळी काउन्सेलिंग केलं. समजून उमजून नेतोय ना तो?”

“मी सांगितलं त्याला.”

“मग झालं ना. सुनकर भी जा रहा है तो हम क्या करें. मर्जी त्याची.”

बाईंनी डबा बंद केला. गुरुवारी ती बाई विमानात बसली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. असे दोनतीन पेशंट त्यांनी पाहिले होते. नंतर कोणाकडून तरी कळायचं. कळायचं तेही नीट नाही. कोणीतरी म्हणायचं, अरे ती, ती तर तिकडे जाऊन आठ दिवसांत गेली.

ओदिलजान मजल्याच्या टोकाला, खिडकीशी होता. मोबाइलवर मुलांशी बोलत होता. बाईंना पाहून त्याने बोलणं आवरलं आणि उभा राहिला.

“ओदिलजान, तू गुरुवारी हिला घेऊन चाललास?”

“हो, ओपा. घरी.” तो खूश होता.

“डॉक्टर सकाळी काय म्हणाले?”

“चांगलं म्हणाले.”

“काय चांगलं म्हणाले? मला सांग. मी तुला काय सांगितलं ते सांग.”

तो गोंधळला. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा बाईंकडे बघत राहिला. मग आठवून आठवून म्हणाला, “तुम्ही संध्याकाळ म्हणालात. म्हणजे संध्याकाळी ताप येतो ते. मग आगगाडी म्हणालात. मी म्हटलं, आगगाडीने नाही, आम्ही विमानाने जाणार. पण बोललो नाही. मग लढाई.”

“आणि?”

“आणि तुम्ही हसलात.” त्याने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. “मी म्हटलं, ओपा शिकलेली आहे. डॉक्टरांशी बोलते. ओपा हसते म्हणजे बरं आहे.”

“मग समजलं म्हणून का सांगितलंस?”

“मी सांगितलं नाही.”

“छातीवर हात ठेवलास. रोज ठेवतोस. आल्यापासून ठेवतोस.”

ओदिलजानला हा प्रश्नच कळला नाही. “तुम्ही मोठ्या,” तो म्हणाला. “मोठं माणूस बोलतं तेव्हा हात इथे ठेवतात. ऐकतो आहे, मान देतो आहे, असं. समजलं की नाही, ते वेगळं.” मग हळूच म्हणाला, “मोठ्या बाईला तोंडावर कसं म्हणणार, तुझं बोलणं कळलं नाही?”

बाई तिथल्या बाकावर बसल्या. कामाच्या वेळात त्या बसत नसत. त्यांच्यासमोरून आजवर किती माणसं गेली होती, ताश्कंदची, खुजंदची, ओशची, आणि त्यांतली कितीतरी छातीवर हात ठेवून गेली होती. बाई दर वेळी मागे वळून डॉक्टरांना येस सर म्हणाल्या होत्या. त्यांना एकदम फार दमल्यासारखं वाटलं. हा थकवा गुडघ्यांचा नव्हता.

“रशियन कुठे शिकलास तू?” त्यांनी विचारलं.

“मॉस्कोजवळ. बांधकामावर. स्लॅब टाकायचो. नऊ हिवाळे.”

“तिथे काय बोलायचे तुझ्याशी?”

तो हसला. “उचल. धर. आण. अजून आण. पुरे. वाकडं आहे. काढ. परत कर. थांब. लवकर.” मग म्हणाला, “आणखी काही शब्द होते. ते तुमच्यापुढे नाही बोलत.”

“राहू दे ते,” बाई म्हणाल्या. “आज सही करू नकोस. मी येईपर्यंत कशावर सही करू नकोस. एवढं कळलं?”

त्याचा हात वर जायला लागला.

“हात नको. तोंडाने सांग.”

“कळलं. सही नाही.”

मनचंदा दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात केबिनमध्ये चहा घेत होते. पाय समोरच्या खुर्चीवर. बाईंना पाहून त्यांनी पाय खाली घेतले.

“सर, सुबहवाली बात दुबारा बतानी पड़ेगी.”

“क्यों? आपने बताया न उसे?”

“सांगितलं. त्याला काही कळलं नाही. परवा घेऊन चाललाय तिला.”

बाई मराठीत बोलून गेल्या. मनचंदांना ते तसंही कळलं. त्यांनी कप ठेवला. “मैंने तो साफ़ कहा था कि जल्दी मत करो.”

“तुम्ही बंदूक म्हणालात, मी आगगाडीचं इंजिन म्हणाले,” बाई आता हिंदीत म्हणाल्या. “दोघांनीही साफ काही म्हटलं नाही. सर, मला साध्या शब्दांत सांगा. आडवळण एकही नको.”

“वेल, वी हॅवन्ट रूल्ड आउट...”

“रूल आउट नको.”

मनचंदांनी बाईंकडे बघितलं. “अच्छा. वी आर कीपिंग अॅन आय ऑन...”

“डोळा नको, सर. कोणाला काय झालंय आणि काय होऊ शकतं, तेवढंच.”

“आप तो मेरी स्कूल टीचर निकलीं,” ते म्हणाले. पण हसले नाहीत. बराच वेळ कपाकडे बघत राहिले. बोलायला निघत, थांबत. बाई उभ्या राहिल्या. बाईंना ते ओळखीचं वाटलं. त्यांनाही शब्द असेच शोधावे लागत. हा माणूस उघड्या छातीत हात घालतो आणि उघडं वाक्य बोलायला त्याला इतका वेळ लागतो.

मग ते हिंदीत बोलले, सावकाश. नव्या झडपेवर जंतू बसलेत असं वाटतंय. खात्री नाही. शिरेतून औषध चालू आहे, ते अजून बरेच आठवडे द्यावं लागेल. मध्येच थांबवलं तर झडप बिघडेल. ती मरू शकते. विमानात, नाहीतर तिकडे पोचल्यावर.

“आणि थांबली तर?”

“तर बहुतेक जगेल.”

“बहुतेक म्हणजे?”

“पता नहीं, मॅडम.” त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. “सच में पता नहीं. यह भी बोलेंगी उसको?”

“हो. हे पण बोलेन.”

“हम लोग ऐसे बोलें न, तो सामनेवाला वहीं बैठ जाता है,” मनचंदा म्हणाले. “इसलिए घुमाकर बोलते हैं.”

“बसू दे,” बाई म्हणाल्या. “बाक आहे तिथे.”

परत जाताना बाई मनात वाक्यं बांधत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना कधी एवढे कष्ट पडले नव्हते. जोडी शोधायची तर डोकं आपोआप चाले, पण इथे प्रत्येक चांगला शब्द आला की तो बाजूला टाकायचा आणि त्याच्या जागी ओबडधोबड ठेवायचा. ‘संसर्ग’ नको, घाण. ‘उपचार’ नको, औषध, हातात, सुईने. बाकीचे शब्द त्याने सांगितले तेच. धर, थांब, काढ, पुरे. विजयालक्ष्मीबाईंनी हे ऐकलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं.

ओदिलजान खिडकीपाशीच होता. या वेळी बाईंनी त्याला आधी बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. चेहऱ्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. नेहमीचं हसू त्यांनी मुद्दाम आवरलं. ते आवरल्यावर खाली दमलेला चेहरा तेवढा उरला. तोच राहू दिला.

“आतलं नवीन दार आहे ना, हृदयातलं,” त्या म्हणाल्या, “त्याच्यावर घाण बसली आहे.”

तो ऐकत होता.

“औषध घाण काढतं. हातातून, सुईने. हळू काढतं. दोन दिवसांत नाही. पुष्कळ आठवडे. गुरुवारी गेलात तर औषध थांबेल. औषध थांबलं तर दार तुटेल.”

“दार तुटलं तर?”

“मुहब्बत मरेल.”

तो बसलेलाच होता. फक्त गुडघ्यांवरचे हात मिटले. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेजारून स्ट्रेचर गेलं.

“थांबलो तर जगेल?”

“बहुतेक जगेल. डॉक्टरला पक्कं माहीत नाही. मी विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही.”

“डॉक्टरला माहीत नाही?”

“नाही.”

त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, “सकाळी का हसत होतात?”

“ते कामाचं हसू आहे,” त्या म्हणाल्या. “रोज घालून येते.”

“मी त्याच्यावर तिकीट काढलं.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. “आल्यापासून मी तुमच्या तोंडाकडे बघून जेवतो. ओपा आज हसली, मी जेवलो. घरी फोन करून सांगितलं, बरी आहे. मुलांनी दारावर कागदाची फुलं लावली आहेत.”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. हे त्यांनी सगळ्यात सोप्या रशियनमध्ये म्हटलं.

तो उठला, खिडकीला हात लावून उभा राहिला. पलीकडे नवीन विंग बांधली जात होती. तिकडे बघत होता. मग बाईंकडे न बघताच म्हणाला, “स्लॅब टाकला की वरून लगेच घट्ट दिसतो. माणूस चालू शकतो. पण खालचे टेकू काढायचे नाहीत. मालक ओरडतो, काढ, लवकर काढ, पुढचं काम आहे. टेकू काढले की स्लॅब खाली येतो. आमच्याकडे एकदा आला. दोन माणसं खाली होती.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तसंच.”

“मग टेकू राहू दे,” ओदिलजान म्हणाला.

आणि मग त्याने विचारायला सुरुवात केली. किती आठवडे? औषध तेच की बदलणार? ताप आला म्हणजे औषध लागू होत नाही का? ती चालू शकते का? खाल्लेलं का ओकते? दुसरं ऑपरेशन लागेल का? घाण पुन्हा बसेल का? एकातून दुसरा निघत होता. आल्यापासून त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. तो फार समजूतदार नातेवाईक आहे, असं बाई नीरजाला सांगत असत. आता तो थांबत नव्हता, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर बाईंच्या पदरचं नव्हतं. प्रत्येकासाठी मनचंदांकडे जायचं, ते वळण घेऊन बोलणार, ते सरळ करून घ्यायचं, मग इथे यायचं. रोज. पुष्कळ आठवडे. आणि ओदिलजान एकटा नव्हता. याच मजल्यावर आणखी पाच कुटुंबं होती. त्यांतल्या किती जणांना काय कळलंय ते बाईंना आता ठाऊक नव्हतं. सगळ्यांकडे पुन्हा पहिल्यापासून जावं लागणार होतं.

नीरजा फाइल घेऊन आली. बाईंनी मान हलवली.

“नाही जात तो.”

“अच्छा? आणि टिकट?”

“ते त्याचं तो बघेल. फाइल घेऊन जा.”

“मावशी, तुम्ही ठीक आहात ना? चेहरा बघा कसा झालाय.”

“असाच आहे तो,” बाई म्हणाल्या.

नीरजा गेल्यावर ओदिलजान म्हणाला, “आता तिला सांगायचं.”

“तू सांग. तुझी बायको आहे.”

“मी सांगणार. पण तुम्ही बसा तिथे. मी चुकीचं बोललो तर?”

“मला उझबेक येत नाही, ओदिलजान.”

“तरी बसा.”

खोलीत मुहब्बत जागी होती. ताप अजून चढायचा होता. तिने बाईंना बघून ओढणी सारखी केली आणि उशीजवळची खुर्ची हाताने दाखवली. ओदिलजान पलंगाच्या कडेवर टेकला. दोन शब्द बोलला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. वर छताकडे बघितलं. जाड बोटांनी चादरीची घडी सरळ केली.

बाई बघत होत्या. भाषा कळत नव्हती, पण हे काम कळत होतं. एक शब्द हाताशी येतो, तो नको असतो. दुसरा येतो, तो फार गोड असतो. एका जागी त्याचा आवाज मऊ झाला, भराभर बोलायला लागला, ओठांवर हसू आलं, आणि बाईंना वाटलं, गेला हा, वळण घेतलं याने. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. पण काय म्हणणार? त्या भाषेत त्यांना धर आणि थांबसुद्धा येत नव्हतं.

मुहब्बतने त्याला मध्येच अडवलं. एकच छोटं वाक्य. तो गप्प झाला. हसू गेलं. मग खाली बघून, हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला. फार बोलला नाही. ती रडली नाही. तिने खिडकीकडे तोंड केलं, थोड्या वेळाने परत इकडे केलं, आणि नवऱ्याला नाही, सरळ बाईंना काहीतरी विचारलं.

बाईंनी ओदिलजानकडे बघितलं.

“काय म्हणते?”

“विचारते, तुमच्या डॉक्टरने अशी बाई बरी केलेली आहे का आधी. हाच आजार, हेच दार. आणि खरं सांगा, म्हणते. तुम्हाला माहीत नसेल तर विचारून या.”

बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या हाताला धरून अंग वर उचललं, पाय सरळ व्हायला क्षणभर थांबल्या आणि निघाल्या. मनचंदा दुसऱ्या ऑपरेशनला गेले होते. संध्याकाळ होईल, दारावरचा माणूस म्हणाला, आप कल पूछ लेना. बाई म्हणाल्या, नहीं, बैठती हूँ. आणि थिएटरबाहेरच्या बाकावर, पेशंटचे नातेवाईक बसतात तिथे, जाऊन बसल्या.